अकरा महिन्यांचा कागद

जून-जुलैत नंदुरबारच्या बसस्थानकावर दरवर्षी एक ठरलेली गर्दी उतरते. धडगावकडून चांदसैलीचा घाट उतरून, तळोदा मागे टाकून, हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडून आलेली मुले-मुली. हातात पत्र्याची पेटी, गोधडीची वळकटी, छोटी गॅसची शेगडी आणि प्लास्टिकच्या फायलीत दाखल्यांचा गठ्ठा. कॉलेजातला प्रवेश झालेला असतो. वसतिगृहाची यादी मात्र अजून लागायची असते, किंवा लागलेल्या यादीत नाव नसते. मग शहरातले पहिले काम एकच, खोली शोधणे.

त्याच दिवसांत दुसरीही काही माणसे खोली शोधत फिरत असतात. मराठवाड्यातून बदलून आलेली परिचारिका, नव्याने रुजू झालेला तलाठी, बँकेतला तरुण कारकून, जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झालेली शिक्षिका. गल्लीच्या तोंडाशी ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसली की ते थांबतात. आतून प्रश्न येतात. कोण, कुठले, किती जण, फॅमिली आहे की एकटे, मटण-मच्छी खाता का. उत्तरे पसंत पडली की भाडे आणि अनामत ठरते. दोन-चार दिवसांनी एक कागद पुढे येतो आणि घाईघाईत त्यावर सही होते. पुढच्या वर्षभरातले बहुतेक वाद याच कागदातून उगवतात. तो कागद वाचायला शिकणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

जिल्हा झाला, खोल्या वाढल्या

नंदुरबार हे मिरचीच्या बाजारपेठेचे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे जुने गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला आणि हे तालुक्याचे ठिकाण एकदम जिल्ह्याचे मुख्यालय बनले. जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, पोलिस अधीक्षक आले, आणि या सगळ्यांबरोबर बदलीच्या नोकरीतली माणसे आली. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १ लाख ११ हजारांवर होती, तर जिल्ह्याची साडेसोळा लाखांच्या जवळ. जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत आणि शहरी वस्ती जेमतेम सहावा हिस्सा आहे. म्हणजे शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी, नोकरीसाठी डोंगरातून आणि खेड्यांतून ज्यांना खाली यावे लागते त्यांचा भार नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा मोजक्याच गावांवर पडतो.

या गावांत भाड्याच्या जागांचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातात नाही. निवृत्त शिक्षकाने घरावर चढवलेला वरचा मजला, व्यापाऱ्याने गोदामामागे काढलेल्या चार खोल्या, विधवा बाईने पोटापाण्यासाठी दिलेला पुढचा पोर्शन, असे त्याचे रूप आहे. मालक बहुधा त्याच इमारतीत राहतो. त्याला ‘काका’ म्हणायचे, त्याच्या बायकोला ‘काकू’. सणाला ताट येते, आजारपणात औषध येते. या नात्यात खरी माया असते, आणि त्याच मायेमुळे व्यवहाराचा कागद मागायला जीभ उचलत नाही. “काका, भाड्याची पावती देता का?” असे विचारले की उत्तर येते, “अरे, तू घरच्यासारखा, तुला कशाला पावती?” अनामतीचे पैसे परत मागायची वेळ येते तेव्हा ती पावती आठवते.

कागद जवळून पाहू

हा कागद साधारणपणे पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टाइप केलेला असतो. ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो शंभराच्या मुद्रांकावर असायचा. राज्य सरकारने अनेक दस्तांसाठीचे किमान मुद्रांक शुल्क शंभरावरून पाचशे केले आणि टाइप करून देणाऱ्यांनी भाडेकरारालाही तोच मुद्रांक वापरायला सुरुवात केली. वर ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ यांची नावे. खाली कलमे. भाडे दरमहा पाच तारखेच्या आत द्यावे. अनामत रक्कम बिनव्याजी राहील. लाइट बिल वेगळे. पोटभाडेकरू ठेवू नये. जागेस रंग देऊन ताबा परत करावा. आणि बहुतेक कागदांत एक ओळ अशी की, मालकास जागेची गरज भासल्यास भाडेकरूने कोणतीही सबब न सांगता जागा खाली करून द्यावी. शेवटी दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा गोल शिक्का.

शिक्का पाहून दोघांनाही वाटते की काम पक्के झाले. तसे ते झालेले नसते. नोटरी सही कुणी केली एवढ्याचीच खात्री देतो. करार नोंदवण्याचे काम दुय्यम निबंधकाचे, आणि महाराष्ट्राचा कायदा मागतो ती नोंदणी हीच. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणे ही आणखी वेगळी गोष्ट. ती सुरक्षेसाठी असते, तिने करार नोंदवला जात नाही. नोटरी, पोलिस आणि निबंधक या तीन ठिकाणांची सरमिसळ हे भाडेव्यवहारातल्या गैरसमजांचे मूळ आहे.

अकरा महिने कुठून आले?

अकरा हा आकडा १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलाच पाहिजे, असे त्या कायद्याचे कलम १७ सांगते. एक महिना कमी केला की नोंदणीचा खर्च आणि खेपा वाचतात, म्हणून देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली.

मुंबई इलाख्यात त्यात आणखी एक भीती मिसळली. पहिल्या महायुद्धात घरांची टंचाई झाली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाड्यावर पहिले निर्बंध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. नंदुरबार तेव्हा मुंबई प्रांताच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते, त्यामुळे इथला कायदेशीर वारसा हाच. त्या कायद्याने प्रमाणभूत भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना, म्हणून मालकांनी जागा ‘भाड्याने’ न देता ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे केवळ वापराच्या परवानगीवर द्यायला सुरुवात केली. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर राहत असलेल्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला.

अनेक कुटुंबांना त्यामुळे आसरा मिळाला. मालकांच्या मनात मात्र धडकी भरली ती पुढे टिकली. घर दिले की गेले, अशी समजूत घट्ट झाली. आजही नंदुरबारमधला एखादा मालक दर अकरा महिन्यांनी खोली आठवडाभर रिकामी करून घेतो, किंवा नोंदणीचे नाव काढताच दचकतो, त्यामागे हीच जुनी भीती आहे. ती समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यावर उत्तरही कायद्यातच आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवून ठेवणे अवाजवी ठरवले. त्यानंतर महाराष्ट्राने मुंबई, विदर्भ आणि मराठवाड्यातले तीन जुने कायदे एकत्र करून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ केला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करण्याची मुभा त्याने मालकाला दिली. लायसन्सची मुदत संपल्यावर ताबा मिळवण्यासाठी कलम २४ खाली वेगळी, जलद वाट ठेवली. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई भरावी लागते. म्हणजे ज्या भीतीपोटी मालक कागद टाळतो, तिच्यावरचा इलाज नीट केलेला लेखी करार हाच आहे.

कलम ५५

याच कायद्यात एक कलम आहे, जे प्रत्येक भाडेकरूने पाठ करावे. कलम ५५ सांगते की जागा भाड्याने दिलेली असो वा लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. इथे एक वर्षाची अट नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, म्हणजे अकरा या आकड्याचा महाराष्ट्रात नोंदणी टाळण्यासाठी काहीही उपयोग उरलेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी या कलमाने मालकावर टाकली आहे. नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. जबाबदारी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पाचशेच्या मुद्रांकावर ‘कोणतीही सबब न सांगता’ असे लिहून घेणारा मालक स्वतःला सुरक्षित समजत असतो. प्रत्यक्षात नोंदणी नसल्यामुळे त्याची बाजू लंगडी झालेली असते.

खर्चाचा हिशेबही पाहू. समजा खोलीचे भाडे महिना ४,००० रुपये आणि अनामत १०,००० आहे. अकरा महिन्यांचे भाडे ४४,००० झाले. अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज अकरा महिन्यांचे सुमारे ९१७ रुपये. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ११२ रुपये. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वर कागदपत्र हाताळणीचे शुल्क आणि काम करून देणाऱ्याचा मोबदला. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर हा करार आता ऑनलाइनही नोंदवता येतो. दोघांनी खर्च वाटून घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कितीतरी कमी असते.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. १९९९ चा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या आणि जुने भाडेकायदे लागू असलेल्या भागांसाठी आहे, प्रत्येक खेड्यापाड्यासाठी नाही. जिथे तो पोहोचत नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. महिन्याच्या बोलीवर दिलेली जागा खाली करून घेण्यासाठी त्यातही पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. रात्री सांगून सकाळी सामान बाहेर ठेवण्याचा अधिकार कुठल्याच कायद्याने कुणालाही दिलेला नाही. कायद्याच्या मार्गाशिवाय ताबा हिसकावला गेला तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ नुसार भाडेकरूला सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात ताबा परत मागता येतो. मालकी कुणाची, हा प्रश्न त्या दाव्यात निघत नाही.

लाइट बिल

भाडे ठरलेले असते, अनामत ठरलेली असते. दर महिन्याला भांडण होते ते विजेवरून.

एका मीटरवर तीन खोल्या आहेत असे धरू. प्रत्येक खोलीत एक पंखा, दोन दिवे, मोबाइलचे चार्जर आणि कधीतरी पाण्याची मोटर. प्रत्येकीचा वापर महिना ६० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटे सर्वांत स्वस्त असतात. १०१ ते ३०० या टप्प्याचा दर अलीकडच्या काळात त्याच्या जवळपास दुप्पट राहिला आहे. तिन्ही खोल्यांना वेगळे मीटर असते तर प्रत्येकीचे ६० युनिट स्वस्त टप्प्यात बसले असते. एकाच मीटरवर बेरीज १८० होते आणि वरची ८० युनिटे महाग दराने लागतात. काटकसरीने दिवा मालवणाऱ्या मुलीलाही शेजारच्या खोलीतल्या वापरामुळे जास्त पैसे पडतात. त्यात मालकाने सब-मीटर लावून युनिटला एक ठोक दर सांगितला असेल तर मूळ बिल आणि वसुली यांतला फरक भाडेकरूला कधी दिसतच नाही.

उपाय साधा आहे. महावितरणच्या बिलाची प्रत दर महिन्याला दाखवायची आणि सब-मीटरच्या वाचनानुसार ते वाटून घ्यायचे, ही अट करारात लिहून घ्यावी. जास्त काळ राहायचे असेल तर स्वतःचे मीटर मागता येते. २००३ च्या वीज कायद्याचे कलम ४३ मालकाबरोबरच जागेत राहणाऱ्यालाही जोडणी मागण्याचा हक्क देते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालकाने ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही.

भांडण वाढले की काही मालक पाण्याचा कॉक बंद करतात किंवा फ्यूज काढून नेतात. भाडेकरूच्या अशा अत्यावश्यक सेवा सबळ कारणाशिवाय तोडायला १९९९ च्या कायद्याचे कलम २९ मनाई करते आणि त्या पुन्हा सुरू करून देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. दुरुस्तीचेही तसेच. छत गळते, संडासाचे दार मोडले आहे आणि मालक ऐकत नाही, तर कलम १४ नुसार किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षभरात वळती करायची रक्कम मात्र त्या वर्षीच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त असता कामा नये. ही दोन्ही कलमे भाडेकरूसाठी लिहिलेली आहेत. लायसन्सवर राहणाऱ्याचे स्थान त्यापेक्षा कच्चे असते, म्हणून दुरुस्ती, पाणी आणि वीज यांची जबाबदारी कुणाची हे त्याने करारातच लिहून घेतले पाहिजे.

रंगाचे पैसे

खोली सोडताना अनामतीतून काय काय कापले जाते याची यादी कोणत्याही जुन्या भाडेकरूला तोंडपाठ असते. रंग, साफसफाई, नळाची तोटी, भिंतीतले खिळे, ‘मागच्या बिलाचे राहिलेले’. राहिलेली रक्कम ‘नवीन पार्टी आली की देतो’ असे सांगून लांबवली जाते. मुलगा परीक्षा देऊन गावी जातो. परत येण्या-जाण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस यांचा हिशेब केला की अनामत सोडून देणेच परवडते. अशा छोट्या छोट्या रकमा कोणत्याच न्यायालयाच्या दप्तरात येत नाहीत, पण त्या गरिबाच्या घरातून गेलेल्या असतात.

१९४७ च्या कायद्यात पागडी, म्हणजे जागा देताना भाड्याशिवाय उचललेली एकरकमी रक्कम, घेणे गुन्हा होता. १९९९ च्या कायद्याने पागडीला आणि अनामतीला वैध ठरवले, पण अनामत किती असावी याची मर्यादा घातली नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत आणि घरात येण्याआधी मालकाने चोवीस तासांची सूचना, अशा तरतुदी आहेत. तो एक नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ती तीन हप्त्यांत भरता येते आणि मालकाला ती स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाने अनामत मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करायची असते. आज ही मुदत तीस दिवसांची आहे. २०१९ पासून बहुतेक घरांसाठी अनामतीची मर्यादा पाच आठवड्यांच्या भाड्याइतकी आहे. लंडनला शिकायला गेलेला पुण्याचा विद्यार्थी या नियमाने सुरक्षित राहतो. धडगावहून नंदुरबारला आलेल्याला असे काही कवच नाही.

ते कवच निदान काही प्रमाणात स्वतः उभारता येते. खोलीत सामान टाकण्याआधी भिंती, नळ, खिडक्या, मीटरचा आकडा यांचे तारखेसह फोटो काढून मालकालाच मोबाइलवर पाठवावेत. अनामत रोख न देता बँकेतून किंवा यूपीआयने द्यावी आणि शेऱ्यात ‘खोलीची अनामत’ असे लिहावे. किती दिवसांत परत मिळेल आणि कशाकशाचे पैसे कापले जातील हे करारात घालावे. आणि भाड्याची पावती मागावी. १९९९ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मिळालेल्या रकमेची लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि ती न दिल्यास दर दिवसाला शंभर रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाटी असते, खोली मिळत नाही

कागदाची वेळच काही लोकांवर येत नाही, कारण त्यांना खोलीच मिळत नाही. ‘फॅमिलीलाच देतो’, ‘मुलींना देत नाही, जबाबदारी नको’, ‘आमच्याकडे शाकाहारीच लागतात’, ‘परवाच दिली हो’. आडनाव ऐकल्यावर पाटी लावलेली खोली अचानक दिलेली निघते.

या नकाराचे मोजमाप झालेले आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात एकाच पद्धतीने घर शोधणाऱ्या उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम उमेदवारांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात उच्चवर्णीयांना नकार मिळाला नाही. दलितांपैकी सुमारे १८ टक्के आणि मुस्लिमांपैकी सुमारे ३१ टक्के उमेदवारांना सरळ नकार मिळाला, आणि इतर अनेकांना जास्त भाडे किंवा वेगळ्या अटी सांगितल्या गेल्या.

ज्या जिल्ह्यात दर दहांतले सात लोक आदिवासी आहेत, त्या जिल्ह्याच्या मुख्यालयात पाड्यावरून आलेल्या मुलाला भाषेवरून, आडनावावरून किंवा ताटातल्या जेवणावरून खोली नाकारली जाणे ही अन्यायाची गोष्ट आहे आणि ती तशीच म्हटली पाहिजे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणालाही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे गुन्हा ठरवतो. त्यापलीकडच्या नकारांना भारतातला कायदा अजून नीट हात घालत नाही. तोंडी नकाराला पुरावा नसतो, आणि जे पुराव्यात येत नाही ते तक्रारीतही येत नाही.

महिना एक हजार रुपये

या सगळ्या प्रश्नात नंदुरबारचे म्हणून एक वेगळेपण आहे. इथल्या भाडेकरूंतल्या एका मोठ्या गटाचे भाडे अंशतः सरकार भरते.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. जेवण, निवास आणि निर्वाहाची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात थेट जमा होते. योजनेच्या मूळ दरांनुसार मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला एकूण ६० हजार, आणि इतर जिल्हा ठिकाणी ४३ हजार रुपये. या ४३ हजारांत निवासाचा वाटा १२ हजारांचा होता. म्हणजे महिना एक हजार रुपये.

हजार रुपयांत एकट्याला खोली मिळत नाही. म्हणून तीन-चार जण मिळून एक खोली घेतात. दहा बाय बाराच्या जागेत चार गाद्या, एका कोपऱ्यात शेगडी, खुंटीवर चौघांचे कपडे. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि वारा फिरला की तिचा खकाणा खिडकीतून थेट आत येतो. करार बहुधा चौघांपैकी एकाच्याच नावावर असतो. तो मध्येच शिक्षण सोडून गेला, किंवा सुरतकडे कामाला गेला, तर उरलेल्या तिघांचे त्या खोलीशी कागदोपत्री काही नाते राहत नाही. शिवाय हप्ता उशिरा आला की भाडे थकते, आणि भाडे थकले की तीच ‘कोणतीही सबब न सांगता’ची ओळ पुढे येते.

इथेच काही ठोस करता येण्यासारखे आहे. या जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची एकात्मिक प्रकल्प कार्यालये दोन आहेत, एक नंदुरबारला आणि एक तळोद्याला. योजनेच्या अर्जांमुळे कोणता विद्यार्थी बाहेर खोली घेऊन राहतो हे त्यांना ठाऊक असते. राज्याच्या नोंदणी आणि मुद्रांक विभागाकडे ऑनलाइन नोंदणीची सोय आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. धडगावचा आदिवासी विद्यार्थी, नवापूरची परिचारिका, शहाद्याची शिक्षिका, हे सगळे त्या तरतुदीत बसतात.

नंदुरबारचे प्रकल्प कार्यालय, निबंधक कार्यालय आणि विधी सेवा प्राधिकरण ही तीन कार्यालये एकाच शहरात आहेत. दरवर्षी जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, त्यांनी मिळून कॉलेजांच्या आवारात एक शिबिर घ्यावे. तिथे मराठीतला एक पानी नमुना करार असावा, त्यात खोलीत राहणाऱ्या सर्वांची नावे असावीत, अनामत आणि लाइट बिलाच्या अटी स्पष्ट असाव्यात आणि मालक व विद्यार्थी दोघांच्या समक्ष तो जागेवर नोंदवला जावा. नोंदणीचा खर्च योजनेच्या पैशांतून द्यावा. मालकालाही तो हवासा वाटेल, कारण मुदत संपल्यावर जागा परत मिळण्याची हमी त्याच कागदात आहे. एका खोलीमागे या कामाला हजार-दीड हजार रुपयांपेक्षा फारसे जास्त लागणार नाहीत. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी जिल्हा प्रशासनाने हा निर्णय घ्यावा.